आईंचा उजवा डोळा

लग्न होऊन मी इंदापुरात आले त्या पहिल्याच संध्याकाळी, ताटं वाढून झाल्यावर, सासूबाईंनी मला विचारलं, "आज काय बघितलंस गं?"

मला वाटलं, घर कसं वाटलं असं विचारताहेत. मी म्हटलं, "छान आहे घर."

"घराचं न्हाय इचारलं. बारामतीवरनं आलीस, रस्त्यानं कायतरी नजरंला पडलं असंल की. एकच सांग. मला दिसत न्हाय, तवा बघायचं तुमी आणि सांगायचं मला. आभार मी मानते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो अगदी सरावाने म्हणाला, "लासुर्ण्याच्या पुढं एका ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या शेजारी कुत्रं बसलं होतं. छाती काढून, मालक असल्यासारखं."

सासूबाईंनी हात जोडले. "प्रभू, त्या कुत्र्यासाठी तुझे आभार."

मला हसू दाबता दाबेना. पण त्या घरात कुणी हसत नव्हतं, आणि माझं काही सांगून झाल्याशिवाय कुणी घास उचलणार नव्हतं. मी आठवायला लागले. सबंध रस्ता मी खिडकीशी बसून आले होते आणि एक गोष्ट सांगता येईना. शेवटी निमगाव केतकीचे पानमळे आठवले. म्हटलं, "पानमळ्यात कुणीतरी वेल बांधत होतं. वरून ऊन झिरपत होतं, नि त्याच्या पाठीवर कवडसे पडले होते."

"कवडसे!" सासूबाईंचा चेहरा उजळला. "किती वरसांत कुणी कवडसे सांगितले न्हाईत." आणि त्यांनी त्या कवडशांसाठी आभार मानले, त्या अनोळखी माणसासाठी मानले, मग माझ्यासाठी मानले. तेव्हा कुठे जेवण सुरू झालं.

मी ख्रिस्ती घरातलीच, बारामतीत वाढलेली. आमच्याकडे प्रार्थना रोज व्हायची, पण ती बहुतेक मागण्याची. परीक्षेत पास कर, वडिलांचं दुखणं बरं कर, पाऊस पाड. शेवटी एका वाक्यात आभार, आणि आमेन. या घरात उलटं होतं. सासूबाई, ज्यांना मी लवकरच आई म्हणू लागले, आभार मानता मानता इतक्या रमून जायच्या की मागायचं राहूनच जायचं.

त्यांचा डावा डोळा लहानपणी गोवरात गेला होता. उजव्यावर त्यांनी संसार केला, मुलगा वाढवला, नवरा वारल्यावर शेती पाहिली. मग एका वर्षी उसाचं पाचट काढताना पानाची धार उजव्या डोळ्याला लागली. त्यांनी पदर ओला करून डोळ्यावर धरला आणि काम पुरं केलं. डोळा पिकला. दवाखान्यात जाईपर्यंत बुबुळावर पांढरा पडदा धरला. त्यानंतर त्यांना उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. हे आमच्या लग्नाच्या आधीचं. म्हणजे त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढे नातीलाही नाही.

त्यांच्या त्या संध्याकाळच्या प्रश्नानं माझा दिवसच बदलून टाकला. लोणी देवकरच्या एका कंपनीत पॅकिंगला मी जाते. सकाळी कंपनीच्या गाडीत बाकीच्या बायका डुलक्या घेत, मी मात्र काचेला नाक लावून बसलेली. आज काय न्यायचं आईंना? उजनीच्या पाण्यावरून उडत आलेला बगळ्यांचा थवा. रस्त्याकडेला मेंढ्या मोजणारी म्हातारी. एकदा तर एका माणसानं डोक्यावर उलटी खाट घेतली होती आणि खाटेच्या पायावर कोंबडा बसला होता! त्या दिवशी मी घरी पळतच गेले. आईंनी तीनतीनदा विचारलं, कोंबडा कुठल्या रंगाचा, तुरा केवढा, माणूस हसत होता का. लेक मोठी झाल्यावर तिलाही हे वेड लागलं. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ओरडायची, "आजी, माझं आजचं फार भारी आहे, पण आत्ता सांगणार नाही!"

बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी आईंना नेलं ते खरं म्हणजे डोळ्यातून पाणी येतं म्हणून. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाल्या, "आतला डोळा शाबूत आहे. वरची काच तेवढी खराब झालीय. कुणी नेत्रदान केलं तर ती बदलता येईल. नाव लावून ठेवूया."

मी बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. "आई, ऐकलंत ना? दिसू शकेल तुम्हाला!"

आई बाकावर बसल्या. "कुणीतरी जाणार, मग मला दिसणार. आसंच ना?"

"माणसं तशीही जातातच, आई."

"जातात. पण मी त्याची वाट बघत बसू व्हय? नाव लाव तू. येईल तवा येईल. पर मी देवाकडं डोळा मागणार न्हाय. मागितला म्हंजी कुणाच्या तरी घरात रडारड मागितली. माझ्यानं ते व्हायचं न्हाय."

त्या मागणार नव्हत्या, म्हणून मी मागू लागले. रोज जाता-येता, कंपनीच्या गाडीत, मनातल्या मनात. प्रभू, आईंना डोळा दे. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. मुलीनं आईसाठी मागावं तसं मी मागत होते.

कापणीच्या सणाचा रविवार होता. आमचं चर्च छोटं, पत्र्याचं, पण त्या दिवशी ओळखू येत नव्हतं. दाराला दोन्हीकडे शेंड्यासकट ऊस बांधलेला, वेदीपुढे डाळिंबं, पेरू, बाजरीची कणसं, भोपळे, आणि एका कोपऱ्यात पाय बांधलेली, भलतीच नाराज कोंबडी. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर नि द्राक्षरस घ्यायचा, विधी असला की आई सकाळपासून पाणीसुद्धा घेत नसत, तशा त्या दिवशीही उपाशीच होत्या. पाळकसाहेब उपकारस्तुतीची प्रार्थना करत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि माझा फोन वाजला.

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. फोन बंद करायला काढला, तर दवाखान्याचं नाव. तशीच दाराकडे धावले.

"डोळा मिळालाय," पलीकडून बाई म्हणाली. "मोठे सर्जन दुपारी पुण्याहून येतायत, आजच करणार. आजींना घेऊन लगेच निघा. काही खायला देऊ नका. उशीर केलात तर पुढच्या पेशंटला बोलवावं लागेल."

मी परत आत आले ती चप्पल घालूनच. प्रार्थना चालू होती. मी आईंच्या कानाशी वाकले आणि कुजबुजायचं म्हणून बोलले, पण आवाजच आवरेना. सगळ्या चर्चला ऐकू गेलं. "आई, डोळा आलाय!"

पाळकसाहेब थांबले. कुणीतरी "हालेलुया!" म्हणून ओरडलं. बायका उठून उभ्या राहिल्या. माझा नवरा पुरुषांच्या बाजूनं बाकं ओलांडत आला. आई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"ते सांगत नाहीत, आई. चला, उशीर होतोय."

"थांब." त्या उभ्या राहिल्या, काठी पुढे धरून. "पाळकसाहेब, आज एक घर रडतंय. कुठलं ते आपल्याला ठावं न्हाय. आधी त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मग मी जाते."

नवरा घड्याळाकडे पाहत होता. पण सगळं चर्च उभं राहिलं, आणि त्या डाळिंबांच्या, उसाच्या सणात आम्ही एका न पाहिलेल्या घरासाठी प्रार्थना केली. माझ्या मनात मात्र त्या क्षणी काहीतरी चरकलं. मी मागितलं होतं. रोज मागितलं होतं. आणि आज कुणीतरी गेलं होतं.

विचार करायला वेळ नव्हता. गाडीचं काय? एसटीनं जायचं तर तास गेला. चर्चच्या शेजारी ज्यांचं उसाचं रान आहे ते तात्या हे सगळं कुंपणापलीकडून ऐकत होते. वयानं आईंच्याच बरोबरीचे, माळकरी, सणाला आमच्याकडे ऊस त्यांच्याच रानातून येतो. ते तिथूनच ओरडले, "जीप काढतो! म्हातारीला फुडं बसवा!"

आणि निघालो. पुढे तात्या आणि आई, मागे मी आणि नवरा. लेकीला पाळकीणबाईंकडे ठेवलं. गाडी हलली तशी आईंनी सुरुवात केली. "प्रभू, ह्या जीपसाठी आभार. तात्यांसाठी आभार."

"माझ्यासाठी कशाला," तात्या म्हणाले, "डिझेलसाठी माना. काटा लालवर हाय."

निमगाव केतकी मागे पडलं. तात्या जीप अशी पळवत होते की मागच्या पत्र्याचा खडखडाट आमच्या बोलण्यावर चढत होता. मी मोठ्यानं म्हणत होते, "आई, घट्ट धरा!" आणि पुढून आईंचा आवाज येत होता, "मस्त वारं लागतंय, त्यासाठी आभार!"

लासुर्ण्याच्या अलीकडे गाड्यांची रांग. नवरा उतरून पुढे पळाला आणि तोंड पाडून परत आला. उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्यावर आडव्या झाल्या होत्या. माणसाला कुणाला लागलं नव्हतं, पण सगळा रस्ता उसानं भरला होता, नि क्रेन यायची होती.

"संपलं," नवरा म्हणाला. "आता कसले पोचतो."

"प्रभू," आई म्हणाल्या, "कुणाला लागलं न्हाय, त्यासाठी तुझे आभार."

"आई, आता पुरे की!" नवऱ्याचा आवाज चढला. "रस्ता बंद आहे. आता कशाचे आभार?"

"आरं, अजून मी गाडीत बसलेली हाय ना? का उतरवलं मला?"

तात्यांनी जीप मागे घेतली, कडेच्या चारीत एक चाक घालून वळवली आणि एका शेताच्या बांधावरून सरळ आत घातली. "कुठं चाललाय, तात्या?" मी ओरडले.

"कालव्यावरनं! गाड्या चालत्यात कडंनं, जपून गेलं म्हंजी झालं!"

जपून ते गेलेच नाहीत. उजव्या हाताला भरलेला कालवा, डाव्या हाताला उंच ऊस, मधे जीपच्या रुंदीएवढी वाट. उसाची पानं डाव्या काचेवर सपासप आपटत होती. मी नवऱ्याचा हात धरला होता, की त्यानं माझा, कळत नव्हतं. एके ठिकाणी वाटेत म्हैस बसलेली. तात्यांनी हॉर्न दिला. म्हैस बसलेलीच. तात्यांनी उतरून तिला मिनतवाऱ्या केल्या, शिव्या दिल्या, शेवटी शेपटी पिळली. ती उठली आणि आमच्यापुढे अगदी निवांत चालू लागली, पुढच्या पुलापर्यंत. एवढ्या घाईत, एवढ्या भीतीत, मला हसू फुटलं. नवराही हसायला लागला. आई विचारत होत्या, "काय झालं? काय हाय फुडं? सांगा की मला बी!"

"म्हैस आहे, आई. आपल्या पुढं चाललीय. नवरीच्या वरातीसारखी."

"आभार," आई म्हणाल्या, हसता हसता, "म्हशीसाठी बी आभार."

बारामतीत दवाखान्याच्या दारात उतरलो तेव्हा फोनवरची ती बाई बाहेरच उभी होती. आईंना खुर्चीत बसवून आत नेलं. रक्तदाब तपासला. खूप वाढलेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी देते. खाली आला तर घेऊ. नाही आला तर आज जमणार नाही, आजी."

आई बाकावर टेकल्या. शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, डोळ्याला पट्टी, बरोबर तिची आई. बोलता बोलता कळलं, लोणी भापकरची. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता शेती करतात. मुलीच्या डोळ्यात फूल पडलं होतं, आणि दुसऱ्या डोळ्यालाही कमीच दिसायचं. तिलाही आजच बोलावलं होतं.

आईंनी एवढंच ऐकलं आणि माझा हात ओढला. "डाक्टरणीला सांग, ह्या पोरीला द्या. माझं झालं बघून. तिचं समदं बघायचं ऱ्हायलंय."

मी काही बोलायच्या आत, औषध घालायला आलेली नर्स हसायला लागली. "आजी, माणसाला डोळे दोन असतात! एक तुम्हाला, एक तिला. भांडायचं काम नाही."

आईंचं तोंड उघडंच राहिलं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्यांनी चाचपत त्या मुलीचा हात शोधला आणि धरला. "पोरी, मग आपुन दोघी बहिणी झालो की गं!"

ती मुलगी लाजली. "मला तर तुमी आजी लागता."

"डोळ्यानं बहीण. बाकी आजी."

माझ्या मनातलं ते चरकलेलं मला तेव्हा असह्य झालं. मी आईंच्या कानाशी म्हटलं, "आई, मी मागत होते. रोज. तुम्ही नको म्हणालात तरी."

"ठावं हाय मला. गाडीतनं उतरलीस की तुझा आवाज येगळा असायचा." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "तुझ्या मागण्यावर देवानं कुणाला नेलं न्हाय, येडे. माणूस त्याच्या वेळंनं गेला. पर त्याच्या घरच्यांनी रडत रडत व्हय म्हटलं, ती गोष्ट देवाची. आपल्याला कुणी आसं इचारलं आसतं त्या घडीला, तर जमलं आसतं का? त्यांचं जमलं. त्याचंच आभार मानायचं."

मी डोळे पुसले. थोड्या वेळानं नर्सनं परत रक्तदाब घेतला. खाली आला होता. गोळीनं आला की त्या मुलीचा हात धरल्यानं, मी सांगू शकत नाही. दोन्हींसाठी आभार मानले म्हणजे झालं. आत जाताना आई मागे वळून म्हणाल्या, "तात्यांना चहा पाज."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. मी समोर, नवरा दाराशी. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, एकदम लख्ख दिसणार नाही, हळूहळू निवळेल, धीर धरा. पट्टी निघाली. आईंनी डोळा उघडला, लगेच मिटला, परत उघडला.

"निळं," त्या म्हणाल्या. "कायतरी निळं हलतंय."

तो नर्सचा निळा झगा होता.

"ही बोटं किती?" डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

"दोन!" आई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. "दोन! आता तीन! आता सगळी!" त्या स्वतःच हात वर करून आपली बोटं पाहू लागल्या, उलटी, सुलटी. "हे माझं हात? एवढं म्हातारं?"

मग माझ्याकडे पाहिलं. मी पुढे सरकले. "मी आहे, आई."

"तू? एवढी उंच? तुझ्या आवाजावरनं मला वाटायचं, बुटकी आसशील."

मी हसत होते आणि रडत होते. त्यांनी मला बाजूला केलं आणि दाराकडे पाहिलं. मुलगा त्यांनी शेवटचा पाहिला तेव्हा विशीतला, मिसरूड फुटलेला होता. आता तिथे मिशीत पांढरे केस आलेला, थोडं पोट सुटलेला माणूस उभा होता. आईंनी मान पुढे काढून डोळा बारीक केला. मग हळूच म्हणाल्या, "तुझा बाप उभा ऱ्हायलाय की रं तिथं." नवरा लहान मुलासारखा त्यांच्या पायाशी बसला. आईंनी वाकायचं नव्हतं, म्हणून तोच वर झाला, आणि त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून अगदी जवळून पाहून घेतलं.

घरी न्यायला तात्याच आले. त्यांच्या डोक्याकडे पाहून आई म्हणाल्या, "तात्या, केस कुठं गेलं तुमचं?"

"तुमी बघत न्हवता, म्हणून गेलं," तात्या म्हणाले.

या वेळी जीप त्यांनी बैलगाडीसारखी चालवली. आई काळा चष्मा लावून खिडकीशी. अजून सगळं धूसरच होतं त्यांना, अक्षरं लागत नव्हती, पण रंग लागत होते, आणि त्या रंगांचा त्यांनी नुसता गलका केला. "ते पिवळं काय? ते लाल? आगं बाई, हिरवं बघ, किती हिरवं!" ऊस आला की त्या गप्प व्हायच्या. त्याच पानानं त्यांचा डोळा नेला होता. मी जरा घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ऊन पडलं की कसला दिसतो ऊस. इसरलेच व्हते."

घराच्या दारात लेक उभी होती. नवा फ्रॉक, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या. सकाळपासून तिनं तो क्षण डोक्यात रंगवून ठेवला असणार. आई तिच्यासमोर थांबल्या, पाहिलं, आणि गोंधळल्या. मग त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केला आणि रोजच्यासारखी तिच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली, कपाळ, नाक, हनुवटीवरची ती खळी. तेव्हा कुठे ओळख पटली. मग डोळा उघडला. "तूच हायस," त्या म्हणाल्या. "तूच हायस गं." लेकीनं सकाळपासून दाबून धरलेलं रडू एकदम बाहेर काढलं आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली, आणि मी मागून ओरडत राहिले, "हळू! डोळा! डोळ्याला धक्का नको!"

त्या रात्रीचं जेवण थंड झालं. कुणाला काही सांगायची संधीच मिळाली नाही. आईच सांगत होत्या, बारामतीपासून दारापर्यंत, एकेक रंग, आणि प्रत्येकावर आभार. लेक मधे मधे म्हणत होती, "आजी, माझं पण ऐक की!" शेवटी आईंनी तिचं ऐकलं, आणि मान हलवून म्हणाल्या, "हे चांगलं हाय. हे माझ्यापरीस चांगलं हाय."

पुढचे महिने तपासण्यांचे. थेंब वेळेवर घालायचे, धूळ टाळायची. दर खेपेला बारामतीत ती लोणी भापकरची मुलगी भेटायची. दोघींचा डोळा हळूहळू निवळत होता आणि दोघींची चढाओढ लागलेली. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर मुलगी एक ओळ जास्त वाचायची आणि आई रुसायच्या. "तिला नवा माल दिलाय, मला जुना!" डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार. चष्मा लागल्यावर आईंनी पवित्र शास्त्राचं जाड अक्षरांचं पुस्तक स्वतः वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द, आणि त्या दिवशी स्वयंपाक मीच केला, कारण त्या उठायलाच तयार नव्हत्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न झालं. तिची आई स्वतः इंदापुरात आली होती बोलवायला. "बहिणीला बोलवायचं हाय," ती म्हणाली, आणि आईंच्या हातात पत्रिका दिली. आम्ही सगळे गेलो, तात्यांच्या जीपमधूनच, तात्यांसकट.

लोणी भापकरला मांडवात शिरलो तर हळदीचा, फुलांचा वास, स्पीकर फुटेपर्यंत गाणी. मुलीच्या आजोबांनी आईंना पुढे बोलावलं आणि सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, "ही आमच्या पोरीची डोळ्याची बहीण. इंदापूरची." माणसं पाहतच राहिली. आईंना हार घातला. त्यांच्या गालावर लाली चढली. अक्षता टाकताना त्या ओठातल्या ओठात आपली प्रार्थना म्हणत होत्या. मी शेजारी होते, मला ऐकू येत होतं. त्या मुलीसाठी, तिच्या नवऱ्यासाठी, आणि मग त्या घरासाठी, जिथे कुणालाही ठाऊक नव्हतं की आज इथे लग्न आहे.

लग्न लागल्यावर नवरी बायकांच्या गराड्यातून आईंकडे आली. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं दूर, गावाबाहेरच्या टेकाडाकडे बोट दाखवलं. "आजी, तितं काय हाय सांगा बघू?"

आईंनी चष्मा सारखा केला. डोळा बारीक केला. "झाड."

"कसलं?"

"थांब की गं. लिंब."

"आणि त्याच्याखाली?"

आई पुढे वाकल्या. आजूबाजूच्या बायका, तात्या, माझी लेक, सगळेच त्या टेकाडाकडे पाहू लागले. मलाही तिथे झाडाशिवाय काही दिसत नव्हतं.

"शेरडं!" आई ओरडल्या. "दोन... न्हाय, तीन शेरडं! एक पांढरं!"

"माझ्याआधी बघितलं!" नवरी टाळ्या पिटत म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.